डोळे मिटलेलं पिल्लू आई ओळखतं कसं? ‘माणसाचा वास लागला की आई टाकते’ या समजात तथ्य किती?

दरवर्षी ऊसतोडणी सुरू झाली की पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतून एकाच धाटणीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. फड अर्धा तोडून झालेला असतो, कोयते थांबलेले असतात आणि पाचटात बिबट्याची दोन-तीन पिल्लं एकमेकांना बिलगून पडलेली दिसतात. कुणीतरी एक पिल्लू उचलतं, कुणीतरी शूटिंग करतं. कमेंट्समध्ये लगेच जुंपते. ‘हात लावू नका रे, माणसाचा वास लागला की आई त्याला टाकून देते,’ असं एक जण लिहितो. ‘आता आई घेणारच नाही, त्यापेक्षा घरीच वाढवा,’ असा दुसऱ्याचा सल्ला असतो.

हा समज फक्त बिबट्यापुरता नाही. घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू असो, जिन्याखाली व्यालेली मांजर असो, सगळीकडे हेच वाक्य ऐकू येतं. त्यातून दोन उलट्या दिशेच्या चुका होतात. काही जण मदत करायलाच घाबरतात, तर काही जण ‘आता वास लागलाच आहे’ म्हणून पिल्लू थेट घरी घेऊन जातात.

थोडक्यात उत्तर असं : माणसाचा हात लागला एवढ्याच कारणावरून आई पिल्लाला टाकते, हे बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत खरं नाही. पण आई आणि पिल्लू यांच्यातलं नातं वासावर उभं असतं, हे मात्र पूर्णपणे खरं आहे. त्यामुळे पिल्लाला आपला वास लागण्यापेक्षा मोठा धोका वेगळा असतो. तो म्हणजे पिल्लाला त्याच्या ओळखीच्या वासापासून तोडणं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी उसाच्या फडातच जायला हवं.

फडातला अनुभव काय सांगतो?

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात बिबटे माणसाच्या शेजारीच राहतात. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास कुठल्या अभयारण्यातला नव्हता, तर शेती आणि वस्त्यांच्या परिसरातला होता. बारा-चौदा महिने उभा राहणारा दाट ऊस मादीला पिल्लं घालायला सोयीचा वाटतो. तोडणी सुरू झाली की मादी दिवसा दूर जाते आणि पिल्लं उघडी पडतात.

अशी पिल्लं सापडल्यावर वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राशी जोडलेली ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था एक ठरलेली पद्धत वापरतात. पशुवैद्यक पिल्लांना तपासतात, नर-मादी बघतात, अंगावरच्या गोचिडी काढतात आणि ओळखीसाठी मायक्रोचिप बसवतात. संध्याकाळी पिल्लं जिथे सापडली तिथेच खोक्यात ठेवली जातात. आजूबाजूला कॅमेरे लावून माणसं लांब थांबतात. रात्री मादी येते, हुंगते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. कधी ती पहिल्या रात्री येत नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न केला जातो.

या प्रक्रियेत पिल्लाला किती माणसांचे हात लागतात, हे लक्षात घ्या. मजुराचे, वनरक्षकाचे, डॉक्टरांचे. वर मायक्रोचिपची सुई. तरीही गेल्या दीड-दोन दशकांत या पट्ट्यात कितीतरी पिल्लं आईकडे परत गेली आहेत. माणसाच्या वासानेच आई पाठ फिरवत असती, तर ही पद्धत एकदाही यशस्वी झाली नसती.

ही झाली आईची बाजू. पण या सगळ्यात पिल्लू काय करत असतं? ज्याचे डोळे अजून उघडलेले नाहीत, ते आईला ओळखतं तरी कसं?

सगळ्यात आधी जागं होतं ते नाक

उंदीर, ससा, मांजर, कुत्रा यांची पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि कानाची नळीही बंद असते. म्हणजे त्यांना आई दिसत नाही आणि तिचा आवाजही नीट ऐकू येत नाही. त्यांच्याकडे असते ती ऊब, स्पर्श आणि वास. त्यातही दूध नेमकं कुठे आहे, हे सांगण्याचं काम मुख्यतः वास करतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मार्टिन टायशर आणि एलियट ब्लास यांनी यावर एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. त्यांनी उंदराच्या मादीची स्तनाग्रं स्वच्छ धुतली. मादी तीच, ऊब तीच, दूधही तेच. पण पिल्लांना ते सापडेचना. तोंड स्तनाग्राला लागत होतं, तरी ती चोखायला तयार नव्हती. मग धुतलेल्या पाण्यातून काढलेला अर्क पुन्हा त्याच जागी लावला, तेव्हा पिल्लं लगेच चिकटली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवर असाच परिणाम आईच्या लाळेने झाला आणि गर्भजलानेही झाला.

गर्भजल म्हणजे पोटात पिल्लू ज्या द्रवात तरंगत असतं तो द्रव. बाळंत होताना उंदराची मादी स्वतःचं अंग आणि पिल्लं आलटून पालटून चाटत असते. या चाटण्यातून गर्भजल आणि लाळ तिच्याच पोटावर पसरते. पिल्लासाठी ती आपोआप आखलेली वाट असते. आत जो वास होता, तोच बाहेर येतो आणि ‘दूध इकडे आहे’ असं सांगतो. एकदा पिल्लं पिऊ लागली की पुढच्या दिवसांत त्यांचीच लाळ ही खूण बनते.

आईचा पत्ता पोटातच पाठ होतो

इथे एक प्रश्न उरतो. गर्भजलाचा वास पिल्लाला जन्मजात ठाऊक असतो, की ते तो पोटात शिकतं?

ब्लास आणि पॅट्रिशिया पेडरसन यांनी १९८२ मध्ये याचं उत्तर शोधलं. त्यांनी गाभण मादीच्या गर्भजलात सिट्रल हा लिंबासारखा वास असलेला पदार्थ मिसळला. जन्मानंतर लगेच पिल्लांना पुन्हा तोच वास दिला. ही पिल्लं मग लिंबाच्या वासाच्या, धुतलेल्या स्तनाग्रांना चिकटली. उंदराच्या पिल्लांना एरवी ओढून घेणारा नेहमीचा वास मात्र त्यांना ओळखीचा वाटला नाही. म्हणजे ‘आई’ या वासाची व्याख्या त्यांनी अनुभवातून ठरवली होती.

२०१२ मध्ये घरातल्या छोट्या उंदरांवर डॅरेन लोगन, लिसा स्टोवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातही हेच दिसलं. पिल्लाला पहिल्यांदा दूध प्यायला लावणारा एखादा ठरावीक रासायनिक संकेत, म्हणजे फेरोमोन, सापडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पिल्लं त्यांच्या आईच्या वासांचं खास मिश्रण शिकून आलेली असतात, असं आढळलं. हा वास प्रत्येक आईचा वेगळा असतो, जणू तिची सही.

सशाची पिल्लं मात्र शिकायला थांबत नाहीत

सगळेच प्राणी असं करत नाहीत. सशाच्या मादीचा खाक्या वेगळा आहे. शिकारी प्राण्यांना बिळाचा सुगावा लागू नये म्हणून ती पिल्लांपासून दूर राहते. साधारण दिवसातून एकदाच येते आणि तीन-चार मिनिटं पाजून निघून जाते. तेवढ्या वेळात आंधळ्या पिल्लांनी स्तनाग्र शोधून पोट भरलं नाही, तर पुढची संधी थेट दुसऱ्या दिवशी.

फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले संशोधक बेन्वा शाल आणि त्यांच्या गटाने सशाच्या दुधातली वास देणारी रसायनं एकेक करून पिल्लांपुढे धरली. त्यातल्या एकाच रसायनाने काम केलं. त्याचं नाव २-मिथाइलब्यूट-२-इनाल. काचेच्या कांडीवर हे लावून पिल्लापुढे नेलं की पिल्लू लगेच डोकं हलवत शोधू लागतं आणि कांडीच तोंडात धरतं. २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. सस्तन प्राण्यांमध्ये पिल्लू आणि आई यांच्यातल्या फेरोमोनचं हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण मानलं जातं.

पण या संकेताला एक मर्यादा आहे. दूध देणाऱ्या कुठल्याही सशिणीकडून तो येतो. त्यामुळे ‘इथे दूध आहे’ एवढंच पिल्लाला कळतं, ‘ही माझी आई आहे’ हे कळत नाही. ज्या प्राण्याची पिल्लं बिळात एकाच जागी पडून असतात, त्याचं एवढ्यावर भागतं. बिळात येणारी मादी आईच असणार, हे जवळपास ठरलेलंच असतं.

मांजरांमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. नुकतंच जन्मलेलं मांजराचं पिल्लू दूध देणाऱ्या मादीच्या पोटाकडे उपजतच वळतं. पुढच्या काही दिवसांत ते आईच्या पोटावरचं ठरावीक स्तनाग्र ओळखून रोज तिथेच जायला शिकतं. हे प्रयोग घरगुती मांजरांवरचे आहेत. बिबट्या हा त्याच कुळातला. जन्मल्यावर पहिले काही दिवस त्याच्या पिल्लाचेही डोळे मिटलेलेच असतात.

मग हा समज आला कुठून?

‘आई पिल्लाला टाकते’ हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. काही प्राण्यांत आई खरोखरच परकं पिल्लू हुंगून दूर लोटते. शेळी-मेंढी पाळणाऱ्या घरांना हे पुस्तक न वाचताही माहीत असतं.

मेंढी व्याली की पहिल्या एक-दोन तासांत ती कोकराला चाटते आणि त्याचा वास पक्का करून ठेवते. त्यानंतर दुसरं कोकरू कासेशी आलं तर ती त्याला डोक्याने ढकलून देते. शेळ्यांवर १९६४ मध्ये पीटर क्लोफर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर अगदी बोलका आहे. करडू जन्मताच, आईने चाटण्याआधी उचललं आणि तासाभराने परत आणलं, तर बहुतेक शेळ्यांनी त्याला जवळ केलं नाही. पण आधी फक्त पाच मिनिटं आईजवळ राहू दिलं आणि मग दूर नेलं, तर काही तासांनीही शेळीने त्याला ओळखून घेतलं.

या प्रयोगात करडांना नाकारलं गेलं, ते त्यांना माणसाचा वास लागला म्हणून नाही. आईला त्यांचा वास शिकायची वेळच मिळाली नाही, म्हणून. करडू आणि कोकरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहतं आणि कळपात मिसळतं. तिथे प्रत्येक आईला आपलं पिल्लू वेगळं ओळखावंच लागतं. उंदरीण किंवा मांजर मात्र बऱ्याचदा दुसरीची पिल्लंही सांभाळते.

गोठ्यातल्या जुन्या युक्त्यांमागेही हेच विज्ञान आहे. पोरक्या कोकराला मेलेल्या कोकराचं कातडं पांघरून दुसऱ्या मेंढीखाली सोडायची रीत जगभरच्या मेंढपाळांमध्ये आहे. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवायचे, म्हणजे ती हुंगून, चाटून पान्हा सोडते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिलेलं असतं.

पक्ष्यांचा मामला आणखी वेगळा. बहुतेक पक्षी पिल्लांना वासावरून नव्हे, तर घरट्याची जागा आणि आवाज यांवरून ओळखतात. त्यामुळे पंखही न फुटलेलं पिल्लू खाली पडलं असेल, तर ते हळूच उचलून घरट्यात ठेवल्याने आई त्याला टाकत नाही.

माणसाचं बाळ या रांगेत कुठे बसतं?

माणसाचं बाळ डोळे उघडे ठेवून जन्मतं, ऐकतंही. तरी नाकाची भूमिका संपलेली नसते.

१९७५ मध्ये ब्रिटनमधले डॉक्टर एडन मॅकफार्लेन यांनी बाळाच्या डोक्याच्या एका बाजूला त्याच्या आईच्या स्तनाला लावलेलं कापड आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाईचं कापड ठेवलं. दोन दिवसांच्या बाळांना फरक पडला नाही. सहाव्या दिवसापर्यंत मात्र बाळं आपल्या आईच्या कापडाकडे जास्त वेळा वळू लागली.

फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत काही महिलांनी बडीशेपेसारखा वास असलेल्या अनिस या मसाल्याचे पदार्थ खाल्ले. त्यांची बाळं जन्मल्यावर त्या वासाकडे वळली. ज्यांच्या आयांनी ते खाल्लं नव्हतं, ती बाळं वळली नाहीत. आईच्या ताटातला वास पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो, तो असा.

१९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला प्रयोग तर उंदरांच्या प्रयोगाची आठवण करून देणारा आहे. प्रसूतीनंतर लगेच आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला आणि बाळाला मधोमध, छातीवर पालथं झोपवलं. ३० पैकी २२ बाळांनी न धुतलेला स्तन निवडला.

आईच्या उघड्या पोटावर ठेवलेलं बाळ हळूहळू सरकत स्वतःच स्तनापर्यंत पोहोचतं, याला ‘ब्रेस्ट क्रॉल’ म्हणतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये त्याची नोंद केली. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी आणि युनिसेफने २००७ च्या सुमारास त्यावर माहितीपट आणि पुस्तिका काढून भारतात तो लोकांपर्यंत नेला. बाळाला वाट दाखवणारा वास हा एकटाच नसतो. ऊब, आईचा आवाज आणि तिच्या शरीराचा स्पर्शही असतो. पण या सगळ्यासाठी एक अट समान आहे : बाळ आईजवळ असलं पाहिजे.

आकडे इथेच अस्वस्थ करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. पण जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेल्या बाळांचं प्रमाण होतं ४१.८ टक्के. म्हणजे दहापैकी जवळपास नऊ बाळं दवाखान्यात जन्मतात, आणि पहिल्या तासात छातीशी पोहोचतात ती चारच.

याची कारणं अनेक आहेत. सिझेरियन, अपुरे कर्मचारी, आधी मध किंवा गुटी चाटवण्याची प्रथा आणि बाळाला लगेच स्वच्छ करून, गुंडाळून नातेवाइकांना दाखवण्याची घाई. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र साधा आहे. बाळ कोरडं करून आईच्या उघड्या अंगाला लावावं, पहिल्या तासात पाजावं आणि पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी. अंघोळ लांबवण्यामागचं मुख्य कारण बाळ गार पडू नये हे आहे. पण वासाचे प्रयोग पाहिले की घाईने धुण्यापुसण्यात बाळाची एक खूणही पुसली जाऊ शकते, हे लक्षात येतं.

माणसाचं बाळ करडासारखं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिला तास हुकला, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं किंवा आईला शुद्ध उशिरा आली, म्हणून माणसाचं नातं तुटत नाही. ते नंतरही जुळतं. पहिला तास ही संधी आहे, ती हुकली म्हणून कुठल्याही आईने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

पिल्लू सापडलं तर काय करायचं?

बिबट्याचं पिल्लू दिसलं, तर तोडणी थांबवून मागे सरकायचं, जागा लक्षात ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं. पिल्लू उचलू नये हा नियम बरोबरच आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. आई बहुधा जवळपासच असते आणि अंधार पडल्यावर त्याच जागी येते. पिल्लू तिथे नसेल तर ती शोधत फिरते. आधीच बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गमावलेल्या गावांना हा धोका परवडणारा नाही. शिवाय बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, त्यामुळे पिल्लू घरी ठेवणं हा गुन्हा आहे.

चुकून हात लागलाच असेल, तर ‘आता आई घेणार नाही’ असं समजून पिल्लू घरी नेऊ नये. ते धुऊ नये, गाईचं दूध पाजू नये, वन कर्मचारी येईपर्यंत तिथेच राहू द्यावं.

जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची किंवा कुत्रीची पिल्लं मळलेली दिसली, तरी त्यांना अंघोळ घालू नये. ती गारठतात आणि आईपर्यंत पोहोचवणारा वासही अंगावरून जातो. ज्या चिंधीवर ती निजली आहेत, ती चिंधीही लगेच बदलायची गरज नसते. शेळी व्याली असेल, तर करडू तिला पोटभर चाटू द्यावं.

फडात सापडलेलं पिल्लू तोडणी मजुराच्या हातात काही मिनिटंच असतं. त्या हातांचा वास रात्रीपर्यंत पिल्लाच्या अंगावर उरला, तरी मादी त्याला चाटून स्वच्छ करू शकते. तिला हवं असतं ते एवढंच की पिल्लू जिथे ठेवलं होतं, तिथेच सापडावं.